आधी अडथळा शोधा, मग पैसा लावा

व्यापाराच्या पानावर गेमिंग संगणकाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी, जीएसटीच्या मुदती हे सोडून मुलांचे खेळणे इथे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, आमच्या वस्त्यांतील घराघरांतून भांडवलाचा एक भाग आता या यंत्राकडे जात आहे. दहावी-बारावीतला मुलगा वडिलांकडे तीस हजार मागतो, पन्नास हजार मागतो, कधी लाखाची गोष्ट करतो. वडील एक तर साफ नाही म्हणतात, नाही तर रोजच्या कटकटीला कंटाळून गल्ल्यातून रक्कम काढून देतात. दोन्ही वेळा हिशेब कोणी विचारीत नाही. जो माणूस सुताच्या एका गोणीसाठी चार ठिकाणी भाव काढतो, तोच माणूस या बाबतीत डोळे मिटून व्यवहार करतो, हे आम्हाला खटकते.

मुलांनी खेळावे की नाही, किती वेळ खेळावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे पैशापुरते आहे. घरात एक संगणक आधीपासून असेल, तर नवीन घेण्यापूर्वी त्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा होऊ शकते का, हे पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा ती होते. मात्र ती योजना करून झाली पाहिजे. आज एक वस्तू, उद्या दुसरी, अशी मनाला येईल तशी नव्हे. कारखान्यात यंत्रावर पैसा लावताना जे नियम आम्ही पाळतो, तेच इथेही लागू पडतात.

काम कुठे अडते?

माग चालविणाऱ्याला हे सांगायला नको. सायझिंगमधून बीम वेळेवर येत नसेल, तर आणखी चार माग बसवून कापड वाढत नाही. उलट मजुरी आणि जागा अडकून पडते. काम जिथे अडते तिथे पैसा लावला तर सगळी साखळी चालते. संगणकाचेही असेच आहे. त्यात प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करते, रॅम हाताशी लागणारा माल ठेवते आणि हार्ड डिस्क अथवा एसएसडी हे गोदाम आहे. या चौघांत जो सर्वांत हळू, त्याच्याच चालीने खेळ चालतो. हळू असलेला एक सोडून दुसऱ्यावर खर्च केला, तर बिल फाटते आणि पडद्यावर फरक दिसत नाही.

पडद्यावर दर सेकंदाला जितकी चित्रे उमटतात त्यांना फ्रेम म्हणतात. तीसच्या आसपास खेळ अडखळत चालतो, साठला सफाईने चालतो. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न असा विचारावा: तू कोणता खेळ खेळतोस, आज फ्रेम किती मिळतात आणि तुला किती हव्यात? याचे उत्तर आकड्यांत आले नाही, तर खर्चाची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

अडथळा शोधण्यासाठी पैसा लागत नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून ठेवावा आणि अर्धा तास खेळावे. ग्राफिक्स कार्डाचा आकडा सतत पंच्याण्णव टक्क्यांच्या वर असेल आणि प्रोसेसर मोकळा असेल, तर कार्ड अपुरे आहे. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसरच्या आकड्यात मात्र एक फसवणूक आहे. त्याचे चार किंवा सहा भाग असतात. एकच भाग थकून गेला तरी एकूण आकडा चाळीस टक्केच दिसतो. म्हणून आणखी एक कसोटी घ्यावी. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार म्हणजे रिझोल्यूशन कमी करावे. फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. आकार कमी करूनही फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर दोष बहुधा प्रोसेसरचा. दहा मिनिटांची ही कसोटी दहा हजार रुपये वाचवू शकते.

मॉनिटरकडेही पाहावे. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवितो. आतले यंत्र दीडशे फ्रेम काढू लागले, तरी डोळ्यांना साठच दिसणार. रुंद पन्न्याचे कापड विणण्याची तयारी केली आणि माग अरुंद आहे, तसा हा प्रकार होतो.

पहिला टप्पा: बिनपैशाचा

आमच्या यंत्रमागाच्या गावांत एक अडचण इतर शहरांपेक्षा जास्त आहे. हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते संगणकाच्या पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतात आणि त्यांचा नमदा तयार होतो. गरम हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. मुलगा म्हणतो संगणक जुना झाला. खरे तर तो गुदमरलेला असतो. कॅबिनेट उघडून, पंखा बोटाने धरून, हवेच्या झोताने सफाई करावी आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. ही पेस्ट काही शेकड्यांत मिळते. वर्षातून दोनदा हे काम व्हावे.

त्यानंतर ग्राफिक्सचे नवे ड्रायव्हर घालावेत. रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालते आहे का, हे तपासावे. अनेक मदरबोर्डांवर ही सोय मुद्दाम चालू करावी लागते आणि वर्षानुवर्षे ती कोणी चालू करीत नाही. खेळातील सावल्यांची सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणावी. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेली एफएसआर ही सोय खेळात असेल तर ती वापरावी. ती चित्र लहान आकारात तयार करून मोठे करून दाखविते, आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. इतके केल्यावर काही घरांत खर्चाची गरजच उरत नाही, आणि तसे झाले तर तो सर्वांत चांगला सौदा समजावा.

एका संगणकाचे उदाहरण

नुसते नियम सांगून भागत नाही, म्हणून एक यंत्र समोर ठेवू. २०१८-१९ च्या सुमारास स्वस्तात असेंबल केलेल्या संगणकाचा एक ठरलेला नमुना होता. एएमडीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर, ज्याच्या आतच साधे ग्राफिक्स असते; ए३२० किंवा बी४५० चा मदरबोर्ड; ८ जीबी रॅमची एकच पट्टी; एक टीबीची हार्ड डिस्क; आणि कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा एसएमपीएस. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ यावर चालतो, भारी खेळ चालत नाहीत. असे यंत्र घरी असेल, तर काय करावे?

सर्वप्रथम हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घ्यावी. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर ते दोनशे एमबी माल बाहेर काढते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर काढते, आणि विखुरलेल्या लहान फायली शोधण्यात तर दोघींची तुलनाच नाही. यामुळे फ्रेम विशेष वाढत नाहीत, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. पण खेळ लवकर उघडतो आणि मध्येच बसणारे झटके कमी होतात. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्डसारख्या खेळांनी तर किमान गरजांतच एसएसडी लिहिली आहे. जुनी हार्ड डिस्क फेकू नये. फोटो आणि जुने हिशेब ठेवण्यास ती उपयोगी पडते.

दुसरी वस्तू रॅम. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ८ जीबीच्या एका पट्टीशेजारी तशीच दुसरी लावली, तर रॅम नुसती दुप्पट होत नाही. दोन पट्ट्या दोन रस्त्यांनी माल पोहोचवितात. २२००जीसारख्या प्रोसेसरचे ग्राफिक्स याच रॅमवर जगते, त्यामुळे तिथे फ्रेम स्पष्टपणे वाढतात. पट्टी घेताना मात्र जात पाहावी. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही, आणि डीडीआर३ ही नाही.

रॅमच्या भावाबद्दल व्यापारी म्हणून दोन शब्द. हा माल नेहमी स्वस्तच होत जातो, असा समज होता. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची खरेदी वाढविली आणि जगभर भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुताचा भाव चढला की आम्ही साठा करीत नाही, गरजेपुरते उचलतो. इथेही तेच करावे. एका पट्टीची गरज असेल तर एकच घ्यावी, आणि जुनी चालू पट्टी कोणाला फुकट देऊन टाकू नये.

या दोन वस्तूंची आणखी एक खुबी आहे. त्यांचा फायदा एकट्या मुलाला होत नाही. त्याच संगणकावर टॅली चालत असेल, बहिणीचा अभ्यास होत असेल, कोणी कापडाची डिझाइन काढत असेल, तर सर्वांचे काम हलके होते. म्हणून हा खर्च घराने करावा, असे आमचे मत आहे. यापुढचा खर्च फक्त खेळाचा आहे. त्यात मुलाने आपली ईदी, शिकवणीची कमाई, सुटीत दुकानात बसून मिळविलेला पैसा, असा काही वाटा घालावा. स्वतःचा पैसा लागला की माणूस दोनदा विचार करतो, हे आम्ही व्यापारात रोज पाहतो.

एसएमपीएस: सर्वांत दुर्लक्षित वस्तू

आता ग्राफिक्स कार्डाकडे वळण्याआधी थांबावे लागते. कार्डाला वीज देतो तो एसएमपीएस, आणि बचत करणारे पहिली काटछाट त्याच्यावरच करतात. बिननावाच्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेले असते. ते खरे किती, हे त्याच्याच पाटीवरून काढता येते. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट झाले. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या कामाची वीज एवढीच. बाकीचा आकडा नावापुरता. पाटीवर एक पन्ना आणि मोजल्यावर दुसरा, असे कापड आपण परत पाठवितो. मग इथे गप्प का बसावे?

असा एसएमपीएस जळाला तर एकटा जात नाही. सोबत मदरबोर्ड, कार्ड, कधी एसएसडी आणि तिच्यातील सगळा हिशेब घेऊन जातो. आमच्या भागात विजेचा दाब कमी-जास्त होत असतो, तिथे हा धोका आणखी मोठा आहे. म्हणून नामांकित कंपनीचा, चांगल्या वॉरंटीचा, ५५० वॅटच्या आसपासचा एसएमपीएस घ्यावा. '८० प्लस' हा शिक्का असावा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. आतील संरक्षणाची खात्री देत नाही. ही वस्तू पुढच्या संगणकातही बसते, त्यामुळे तिच्यावरचा पैसा बुडत नाही. यालाच आमच्या बाजारात म्हणतात, महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार.

घरात ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असेल, तर त्याची खरी ताकद बहुधा ३६० वॅट असते. त्यावर संगणक, मॉनिटर आणि मोठे कार्ड एकदम चालविले, तर वीज जाताच तोही मान टाकील. प्लगला अर्थिंग आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. यात कोणाला शोभा दिसत नाही, मित्रांना दाखविता येत नाही. पण बाकीचा सगळा खर्च याच्यावर उभा असतो.

ग्राफिक्स कार्ड: नाव एक, माल दुसरा

कापडाच्या बाजारात एकाच नावाखाली दोन प्रकारचा माल येतो. नाव तेच, पण रीड-पिक कमी, सुताचा काउंट वेगळा. जाणकार ताका उलगडून पाहतो, नवखा लेबल पाहतो. ग्राफिक्स कार्डांचा बाजार अगदी असाच आहे.

एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये ८ जीबी मेमरीचे आले. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे आले. फरक फक्त दोन जीबीचा वाटतो. प्रत्यक्षात आतले गणित करणारे भागही २५६० वरून २३०४ वर आणलेले आहेत. जीटी १०३० या नावाने जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड होते, आणि पुढे २०१८ मध्ये त्याच नावाने बरेच हळू असे डीडीआर४ चे आले. डब्याच्या पुढच्या बाजूला हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते.

याहून बारीक गोष्ट कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्याची आहे. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये स्वस्त म्हणून आले. त्याची मेमरी ४ जीबी, आणि मदरबोर्डाशी बोलण्यासाठी त्याला चारच मार्गिका. नव्या बोर्डावर हे निभावते. वर सांगितलेल्या ए३२० किंवा बी४५० वर त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो, आणि मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. म्हणजे जुन्या बोर्डाच्या गरीब गिऱ्हाइकासाठी म्हणून घेतलेले कार्ड नेमके त्याच्याच बोर्डावर लंगडते. त्याच कंपनीच्या २०२१ च्या आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका आणि ८ जीबी मेमरी आहे, वीज सुमारे १३२ वॅट लागते. एसएमपीएसवर जोडणीची वेगळी तारच नसेल, तर २०१९ च्या जीटीएक्स १६५० चा ७५ वॅटचा, वेगळी तार न लागणारा प्रकार हा एक मार्ग आहे; पण त्याची ४ जीबी मेमरी नव्या खेळांना तोकडी पडते. आज पैसा लावायचा तर ८ जीबीच्या खाली उतरू नये, असा आमचा सल्ला आहे.

वापरलेले कार्ड घ्यावे का? घ्यावे, पण पारखून. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या डिजिटल चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामासाठी रात्रंदिवस राबविलेली कार्डे बाजारात उतरली. राबलेले प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही; पण त्याचे पंखे आणि मेमरी थकलेली असू शकते. विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास भारी खेळ चालवून पाहावे, तापमान पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, आणि बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही झालेले आहेत. जो चालवून दाखविण्यास तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये, मग भाव कितीही गोड असो.

क्रम चुकला तर

कार्ड बसल्यावर अडथळा प्रोसेसरकडे सरकतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. एका ठिकाणची अडचण सुटली की पुढची दिसते. आमच्या उदाहरणातील मदरबोर्डाची खुबी अशी, की २०१७ पासूनच्या पुष्कळ एएम४ बोर्डांवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात; जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही २०२२ पासून ही सोय मिळत गेली. म्हणजे बोर्ड आणि रॅम तीच ठेवून चार भागांच्या २२००जी ऐवजी सहा भागांचा रायझन ५ ५६०० बसविता येतो.

पण इथे दोन खड्डे आहेत. एक, बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या यादीत आपल्या बोर्डाचे नेमके नाव आहे का ते पाहून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा लागतो. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ते यूपीएसवर आणि जाणकाराकडून करून घ्यावे. दोन, ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. कार्ड येण्यापूर्वीच जर कोणी २२००जी काढून तो बसविला, तर पडदा काळाच राहील. कार्ड घ्यायचेच नसेल त्याने ५६००जी घ्यावा, ज्यात ग्राफिक्स आहे. एका अक्षराचा फरक, आणि दुकानदार उघडलेला प्रोसेसर परत घेत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत खेळाबाहेरचेही एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या मान्य यादीत २२००जी नाही, त्याच मालिकेतला रायझन ५ २६०० मात्र आहे. ५६०० देखील आहे. तेव्हा प्रोसेसर बदलेपर्यंत अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरण भरू नये. मुलगा खेळासाठी कुठूनही फायली उतरवितो, आणि त्याच यंत्रावर बापाच्या चालू खात्याचा पासवर्ड टाकला जातो. यातला धोका आमच्या व्यापारी बांधवांनी ओळखावा.

काही यंत्रांत मात्र पैसा लावूच नये. डीडीआर३ च्या जमान्यातील संगणकाचे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम पुढे नेता येत नाहीत. कार्यालयांतून निघालेले, मोठ्या कंपन्यांचे लहान कॅबिनेटचे संगणक स्वस्त मिळतात. पण त्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड बहुधा त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, आणि मोठे कार्ड आत मावत नाही. आमचा ठोकताळा असा: सर्व सुधारणांची बेरीज त्याच ताकदीच्या नव्या संगणकाच्या निम्म्याच्या वर गेली, तर थांबावे आणि नव्यासाठी पैसा साठवावा.

बिल, हप्ता आणि खाते

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की आपल्या गावात, संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल देऊ करणारे भेटतात. वॉरंटीच्या दिवशी ही चिठ्ठी दाखविता येत नाही. तीन वर्षांची वॉरंटी असलेली वस्तू बिलाशिवाय घेणे म्हणजे तिच्या किमतीचा एक भाग दुकानातच सोडून येणे होय.

दुसऱ्या टोकाला, मुलाचे कार्ड दुकानाच्या नावावर घेऊन त्याचे इनपुट क्रेडिट उचलण्याचा मोह काहींना होतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७ च्या पोटकलम ५ नुसार खासगी वापराच्या मालावर हे क्रेडिट मिळत नाही. टॅलीसाठी घेतलेल्या रॅमची गोष्ट वेगळी आणि खेळाच्या कार्डाची वेगळी. दुकानाचा खर्च दुकानाच्या खात्यात, घरचा घरच्या, ही शिस्त असावी.

हप्त्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. 'बिनव्याजी हप्ता' ही जाहिरात सर्वत्र दिसते. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते कुठल्या तरी शुल्कात अथवा किमतीत दडलेले असते. ज्या घरांत व्याजापासून दूर राहण्याची काळजी घेतली जाते, त्यांनी नुसत्या नावावर समाधान मानू नये. टप्प्याटप्प्याच्या सुधारणेचा मोठा लाभ हाच आहे, की हप्त्याची गरजच पडत नाही. दर सहा-आठ महिन्यांनी एक वस्तू रोखीने येते, जुनी वस्तू वेळेत विकली जाते, आणि तिची रक्कम पुढच्या वस्तूत जमा होते.

शेवटी पालकांना आमची विनंती आहे. मुलाने संगणकासाठी पैसे मागितले की लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पाकीटही काढू नका. त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या: आज काय आहे, अडथळा कुठे आहे, तो कसा मोजला, पहिली वस्तू कोणती, तिचा भाव तीन ठिकाणी किती, ती पुढच्या संगणकात चालेल का, जुनी किती रुपयांना जाईल. खोटे काही लिहिले असेल तर दोन प्रश्नांत उघडे पडेल. नीट लिहिले असेल तर पैसे द्या, आणि तो कागद जपून ठेवा. ज्या मुलाने असा एक हिशेब मन लावून केला, त्याला पुढच्या मोसमात सुताच्या खरेदीला सोबत नेण्यास हरकत नाही.